हरल्यावरचा सत्कार

मॅच सुरू व्हायच्या आधी भाऊ उजवा हात वर करायचे, पंजा पूर्ण उघडा, चौकातल्या पोलिसासारखा. मग आमच्या बाकावरच्या प्रत्येकाकडे एकेक करून बघायचे आणि म्हणायचे, "आधी अपेक्षा बोला, मंग बोंबला."

बोलल्याशिवाय सुटका नसे. कुणी हसून "जिंकू की!" म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला असे, "कशावरून?" त्याला उत्तर नसलं की भाऊ मान हलवत. "ही अपेक्षा नाही, ही इच्छा आहे. इच्छा घरी ठेवा." मग तो माणूस जरा विचार करून "वीस पॉइंटच्या आत हरू" असं काहीतरी म्हणे आणि त्याची सुटका होई. ज्यानं अपेक्षा सांगितली नाही, त्याला नंतर रेफरीवर, कोचवर किंवा पोरींवर एक शब्दही बोलायची मुभा नव्हती. एखादा बोललाच, तर भाऊ वळून एवढंच विचारत, "तुमचं काय ठरलं होतं?"

असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्रत्येक सोसायटीत असतो, प्रत्येक ऑफिसात असतो. आधी त्याचा वैताग येतो, मग सवय होते, आणि तो गेला की आपण त्याचीच वाक्यं बोलायला लागतो. आमचा हा माणूस लिमरिकमध्ये होता, नागपूरचा होता, आणि मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलचा भक्त होता. या तीन गोष्टी एका माणसात कशा जमल्या, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

त्यांना सगळे भाऊ म्हणत, कारण ते सगळ्यांना भाऊ म्हणत. कारखान्याच्या गेटवरच्या आयरिश सिक्युरिटीवाल्यालाही ते "गुड मॉर्निंग, भाऊ" म्हणत आणि तोही आता "मॉर्निंग, भाऊ" म्हणायला शिकला होता. मला तेवढं ताई.

आम्ही एकाच कारखान्यात होतो. तिथे वैद्यकीय उपकरणं बनतात. नवीन यंत्र आलं की ते नीट काम करतं हे चाचण्या घेऊन सिद्ध करायचं, हे भाऊंचं काम. त्या कामाचा एक नियम असतो. काय झालं तर पास आणि काय झालं तर नापास, हे चाचणीच्या आधी ठरवून सही करायची. निकाल हातात आल्यावर निकष ठरवला, तर ती लबाडी. भाऊंनी हा नियम उचलला आणि बास्केटबॉलला लावला. ते म्हणत, "जगात सगळी भांडणं मागून निकष लावल्यानं होऊन राहिली आहेत, ताई." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस सुट्टीच्या दिवशीही ऑफिसातच असतो.

मी ठाण्याहून लिमरिकला आले ती २०२०च्या जानेवारीत. एकटी होते. पाच वाजताच अंधार पडायचा आणि रविवार संपता संपायचा नाही. एका शुक्रवारी कँटीनमध्ये भाऊंनी विचारलं, "रविवारी काय करून राहिल्या तुम्ही?" मी म्हटलं, काही नाही. "मंग चला. मॅच आहे कॉलेजची. पोट्टी आहे माझी टीममध्ये."

कॉलेज बास्केटबॉल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर अमेरिकेतलं काहीतरी आलं. हजारो माणसं, बँड, नाचणाऱ्या मुली. मी चांगला कोट घालून गेले. तिथे कॉलेजचा एक जिम हॉल होता, रबराचा आणि फिनाइलचा वास येणारा. भिंतीला लावलेले चार लांब बाक, त्यावर डझनभर माणसं. त्यातलेही दोघं बॅडमिंटनवाले होते, कोर्ट कधी रिकामं होतंय याची वाट बघत बसलेले. भाऊंनी त्यांनाही अपेक्षा विचारली होती. "लवकर संपावं," असं त्यांनी सांगितलं होतं आणि भाऊंनी ते मान्य केलं होतं.

त्या दिवशी आम्ही एकोणीस पॉइंटनी हरलो. भाऊंची अपेक्षा होती, वीसच्या आत. शेवटची शिट्टी वाजली तसे ते दोन्ही हात वर करून असे ओरडले, की समोरच्या संघाच्या पालकांनी स्कोअरबोर्डकडे पुन्हा एकदा पाहिलं. बाहेर पार्किंगमध्ये त्यांनी गाडीच्या डिकीतून चिवड्याचा स्टीलचा डबा काढला. चिवडा अपेक्षा पुरी झाली तरच निघायचा. नाही झाली तर डबा तसाच घरी जायचा आणि वहिनी त्यांना दारातच विचारायच्या, "आज कितीनं हरले?"

संघाची कोच होती शिवॉन. पन्नाशीची, आखूड पांढऱ्या केसांची, गालांवर कायम थंडीची लाली. दिवसा प्राथमिक शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी फुकट इथे यायची. चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून आत यायची आणि मॅचच्या आधी कोपऱ्यात बसून पंपानं स्वतः हवा भरायची. तिचा नियम साधा होता. सरावाला नियमित येईल, तिला संघात जागा. त्यामुळे तिच्या संघात उंच मुली होत्या, बुटक्या होत्या, आणि एक तर चष्मा दोरीनं बांधून खेळायची.

ती चष्मेवाली म्हणजे भाऊंची सई. दहा वर्षांची असताना आयर्लंडला आली, मराठी सगळं समजतं, उत्तर लिमरिकच्या इंग्रजीत देते. सई बहुतेक वेळ बेंचवर असायची. ती उतरायची ती शेवटच्या काही मिनिटांत, मॅच हातून गेलेली असताना. शिवॉन 'सई' हे नाव अगदी बरोबर उच्चारायची. भाऊंनी मला एकदा गाडीत सांगितलं, "शाळेत हिला कधी कोणी टीममध्ये घेतलं नाही, ताई. दोघीजणी टीम निवडायच्या अन् ही उरायची. दरवेळी उरायची. या बाईनं पहिल्याच दिवशी हिच्या अंगावर जर्सी फेकली. घरी येऊन जर्सी घालून जेवली पोट्टी."

मी आले तेव्हा संघाचे दिवस वाईट होते. नाताळच्या आधी स्पेनहून एक्स्चेंजवर आलेली एक उंच मुलगी संघात होती आणि ती होती तोवर आपण दोन-चार मॅच जिंकलोही होतो. तेवढ्यानं सगळ्यांची डोकी फिरली. कप, फायनल, असे शब्द निघायला लागले. नाताळला ती मुलगी सामान बांधून गेली आणि संघ होता तिथे आला. लोकांच्या अपेक्षा मात्र स्पेनच्या विमानात बसल्या नाहीत, त्या इथेच राहिल्या.

सगळ्यांत जास्त मंदारच्या. मंदार पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याची मुलगी अन्वी खरंच सुरेख खेळायची. मंदार अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल जागून बघायचा आणि तिथली मापं इथे आणायचा. "शिवॉन माणूस म्हणून ग्रँड आहे," तो म्हणायचा, "पण सिस्टिमच नाहीये काही. अमेरिकेत लागोपाठ इतक्या मॅच हरले की कोच घरी जातो."

"अमेरिकेत कोचला पगार असतो," भाऊ म्हणाले. "आपल्याकडे बॉलमध्ये हवापण तिलाच भरावी लागते."

"तोच तर मुद्दा आहे. प्रोफेशनल अप्रोच हवा."

"तुमची अपेक्षा काय आहे, मंदारभाऊ?"

"जिंकायला हवं."

"कशावरून?"

मंदार चिडायचा. पण तो स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हता. डब्लिनहून नुकताच लिमरिकला राहायला आलेला एक तरुण कोच त्यानं शोधून काढला. त्याच्या नावावर चांगले निकाल होते आणि तोही फुकट यायला तयार होता. क्लबची समिती मुलींचीच, त्यात सई सेक्रेटरी. सीझन संपला की समिती बसणार आणि पुढच्या वर्षीचा कोच ठरवणार. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वारं फिरलं होतं. ते शिवॉनच्या कानावर गेलं नसेल असं मानायला कुणी तयार नव्हतं, पण ती नेहमीसारखी कोपऱ्यात बसून चेंडूंत हवा भरत राहिली.

आणि सई त्या वाऱ्याच्या बाजूनं होती. ते मी त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर ऐकलं. सई ताटाकडे बघत म्हणाली, "शी नेव्हर प्लेज मी, डॅड."

"माहीत आहे मला."

"सो व्हाय आर यू ऑन हर साइड?"

भाऊंनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "तू चांगली खेळतेस. पण त्या पाच जणींपेक्षा चांगली नाही खेळत. हे तिनं तुझ्यापासून कधी लपवलं नाही. अन् तरी तुला टीममधून कधी काढलं नाही. मी अजून काय मागू त्या बाईकडून?"

सई उठून आत गेली. वहिनींनी भाऊंकडे असं पाहिलं की मला वरण फार आवडल्याचं दोनदा सांगावं लागलं.

मग भाऊंना ती कल्पना सुचली. मार्चच्या सुरुवातीला घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती. भाऊ मला कारखान्यात कॉफीच्या मशीनपाशी गाठून म्हणाले, "ताई, बाईंचा सत्कार करू. शाल-श्रीफळ."

"हरल्यावर?"

"जिंकल्यावर कोणीही करते. हरल्यावरच करायचा. अन् सगळ्यांसमोर करायचा." मग आवाज उतरवून म्हणाले, "सत्कार झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणी काढत नाही. लोक काय म्हणतील?"

मला ते एकदम पटलं. तुम्हालाही पटलं असतं. आपल्याकडे ज्याच्या गळ्यात हार पडला, त्याला निदान वर्षभर तरी कुणी हात लावत नाही. शाळेतल्या मुख्याध्यापकांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत आपण हेच पाहत आलो. सईला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. ती समितीत, तिच्यावर बापाचा दबाव आला असं कुणी म्हणायला नको.

मॅच आम्ही अपेक्षेइतपत हरलो. शिट्टी वाजल्यावर भाऊ कोर्टाच्या मधोमध गेले आणि हात वर केला. वहिनींनी शिवॉनला कुंकू लावलं. मी ताट धरलं होतं. भाऊंनी तिच्या ट्रॅकसूटवर मोरपंखी शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. मग त्यांनी इंग्रजीत भाषण केलं, कारखान्यात घोकून आलेलं. तुम्ही आमच्या मुलींना जे दिलं ते आम्ही कधीच विसरणार नाही. आम्ही सदैव तुमच्या ऋणात राहू. तुमची आठवण प्रत्येक मुलीच्या आयुष्यात राहील.

मराठीत यातलं एकही वाक्य वावगं नाही. कोणाच्याही सत्कारात हेच बोलतात.

शिवॉन नारळ छातीशी धरून उभी होती. तिचे डोळे भरून आले. "मला कल्पनाच नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही फार फार चांगली माणसं आहात." मुली एकमेकींकडे बघत होत्या. अन्वी रडायला लागली, मग दुसरी, मग सगळ्याच. भाऊ माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघत होते. काम फत्ते झालं होतं.

पार्किंगमध्ये चिवड्याचा डबा उघडला. मंदार आला आणि त्यानं भाऊंचा हात दोन्ही हातांत घेतला. "भाऊ, मानलं तुम्हाला. मी उगाच भांडत होतो. किती सुंदर मार्ग काढलात! तिचाही मान राहिला, आपलंही काम झालं."

"कोणतं काम?" भाऊंनी विचारलं.

"निरोपाचं," मंदार म्हणाला.

भाऊंच्या हातातला चिवडा हातातच राहिला. मीही तेव्हाच पहिल्यांदा विचार केला, की या देशात माणसाला सगळ्यांसमोर उभं करून भाषण कधी करतात, भेटवस्तू कधी देतात. कारखान्यातले सगळे प्रसंग मला आठवले. प्रत्येक वेळी तो माणूस दुसऱ्या दिवशीपासून येत नसे.

सकाळी शिवॉनचा ईमेल सईला आला. इतका प्रेमळ निरोप क्वचित कुणाला मिळतो, असं तिनं लिहिलं होतं. पालकांच्या मनात काय आहे हे तिला समजलं होतं आणि ते त्यांनी इतक्या आदरानं सांगितलं याबद्दल ती आभारी होती. पुढच्या वर्षी ती नसेल. नव्या कोचला तिच्या शुभेच्छा.

भाऊंनी त्या दिवशी कारखान्यात माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि बसूनच राहिले. "वाचवायला गेलो होतो, ताई. मीच घालवलं तिला. अन् तिला वाटून राहिलं, की माझ्या पोट्टीच्या बापानं तिला जा म्हटलं. बाकी कोणी म्हटलं असतं तर चाललं असतं."

त्यांना कोचपदाचं दुःख नव्हतं असं नाही, पण खरं दुखत होतं ते हे. मला ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं.

ते तिला भेटायला जाणार होते. पण त्याच आठवड्यात कॉलेजं बंद झाली, मग सगळंच बंद झालं. आमचा कारखाना तेवढा चालू राहिला, वैद्यकीय सामान म्हणून. घर ते कारखाना, कारखाना ते घर. भाऊंनी ईमेल लिहिला, मी तो तपासला. त्यात सत्काराची आपली पद्धत समजावून सांगितली होती. शिवॉनचं उत्तर आलं की काही काळजी करू नका, सगळं ग्रँड आहे, तुम्ही फार चांगले आहात.

"ग्रँड म्हणजे काय समजायचं?" भाऊंनी मला विचारलं. मला इथे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तरी एवढं कळलं होतं, की पाय मोडलेला माणूसही इथे ग्रँडच असतो. त्यांनी फोन केला. तिथेही तेच. जितकं ते समजावून सांगत, तितकी ती समजूतदार होत जाई. तिला वाटत होतं, की हा भला माणूस तिचं मन राखायला हे सगळं रचतो आहे.

समितीची बैठक व्हिडिओवर झाली. नवीन कोच ठरला. भाऊ सईला म्हणाले, की समितीला सांग, राजीनामा गैरसमजातून आलेला आहे. सई या वेळी चिडली नाही. ती हळूच म्हणाली, "डॅड, यू कान्ट गिव्ह समवन अ शॉल अँड देन आस्क फॉर इट बॅक."

जूनमध्ये जरा मोकळीक मिळाली. भाऊ मला घेऊन शिवॉनच्या घरी गेले. आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो, ती दारात. मधे तिची गुलाबाची झुडपं होती. भाऊंनी या वेळी भाषण घोकलं नव्हतं.

"शिवॉन," ते इंग्रजीत म्हणाले, "तो जायचा सत्कार नव्हता. तो राहायचा सत्कार होता. आमच्यात ज्याला घालवायचं नसतं त्यालाही शाल देतात. मला तुला घालवायचं नव्हतं. तू माझ्या मुलीला जर्सी दिलीस. मी तुला कसं घालवीन?"

शिवॉननं दाराची चौकट धरली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "अरे देवा," ती म्हणाली, "तीन महिने मी शेजारणीला सांगत होते, की मला आजवर इतक्या चांगल्या माणसांनी कधी हाकललं नव्हतं."

आत जाऊन तिनं शाल आणून दाखवली. नारळाचं काय करायचं हे तिला कळलं नव्हतं, तो खिडकीत ठेवला होता. भाऊंनी फाटकाबाहेरूनच तो फोडायचा कसा, हे हातवारे करून समजावलं. शेजारचा म्हातारा पडद्याआडून ते बघत होता.

परत कोच होणं मात्र शक्य नव्हतं. नवीन माणसाला शब्द दिला होता आणि शिवॉन म्हणाली, की त्याला एकही मॅच न खेळवता काढलं, तर तो अन्याय होईल. भाऊंनी मान डोलावली. त्यांना याच्याविरुद्ध बोलायला जागाच नव्हती, निकष त्यांचाच होता. निघताना त्यांनी हात वर केला, पंजा उघडा. "माझी अपेक्षा आताच सांगून ठेवतो. पुढची मॅच जेव्हा होईल तेव्हा तू आमच्या बाकावर बसशील."

"एवढी अपेक्षा ठीक आहे," शिवॉन म्हणाली.

पण ती पुढची मॅच येता येईना. त्या वर्षी हॉलला कुलूपच राहिलं. ज्या कोचसाठी एवढं रामायण झालं, तो वर्षभर मुलींना स्क्रीनवरून उड्या मारायला लावत होता. मंदारला आता तक्रार करायला काही निकालच नव्हते आणि तो कासावीस झाला होता. भाऊ त्याला फोन करून विचारायचे, "काय मंदारभाऊ, सिस्टिम कशी चालू आहे?" छळायचे अगदी.

पुढच्या एप्रिलमध्ये नागपुरात भाऊंच्या आई हॉस्पिटलमध्ये होत्या. तिकडे बेड मिळत नव्हते, इकडून जाता येत नव्हतं. भाऊ रोज कामावर येत होते आणि दर तासाला नागपूरला फोन लावत होते. आई वाचल्या. ज्या दिवशी त्या घरी आल्या, त्या दिवशी भाऊ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, आता मी जाऊन राहिलो. कायमचा. या वर्षाच्या आत." मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण त्यांना थांबा म्हणायचा मला काय हक्क होता?

हॉल २०२१च्या शरदात उघडला. हवा खेळती राहावी म्हणून सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती आणि आत बाहेरच्याइतकीच थंडी होती. पहिल्या मॅचला शिवॉन आली. आमच्या बाकावर, भाऊंच्या शेजारी बसली आणि पिशवीतून मोरपंखी शाल काढून तिनं गुडघ्यांवर घेतली. भाऊंनी ते पाहिलं. आणि चिवड्याचा डबा त्यांनी मॅचच्या आधीच उघडला. नियम मोडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

नवीन कोच भला माणूस होता. कष्टाळू होता. आणि हरत होता. तिसऱ्या मॅचनंतर मंदार पुन्हा सुरू झाला, की याच्याकडेही व्हिजन नाही.

"तुम्हीच तं आणला त्याला!" भाऊ म्हणाले.

"हो, पण अपेक्षा वेगळी होती."

"कोणती होती? बोलला होता तुम्ही?" आणि मग शिवॉनकडे बोट दाखवून, "हिला विचारा, या पोरींकडून किती होईल ते."

शिवॉननं कोर्टाकडे पाहून शांतपणे सांगितलं, की या वर्षी एक मॅच जिंकली तरी युअर मॅनचा सत्कार करायला हवा. युअर मॅन म्हणजे तो नवा कोच. भाऊ इतके हसले, की रेफरीनं वळून पाहिलं.

त्यांची शेवटची मॅच नोव्हेंबरात होती. सई त्या दिवशी दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच उतरली, आणि तिनं एक बास्केट केली. हरत असताना, काही फरक न पडणारी. शिवॉन शाल फेकून उभी राहिली आणि "सई!" म्हणून ओरडली. भाऊ बसूनच होते. ते रडत होते आणि त्यांना ते लपवायचं नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये शिवॉननं आम्हाला थांबवलं. तिच्या हातात एक जाड लोकरी मफलर होता, स्वतः विणलेला, आणि एक नारळ. तो कुठून आणला हे तिनं सांगितलं नाही. गावात आपल्या सामानाचं एकच दुकान आहे. तिनं टाचा उंचावून भाऊंच्या गळ्यात मफलर घातला, नारळ हातात दिला आणि भाषण करायला तोंड उघडलं.

भाऊंनी नारळ छातीशी धरला. "एक मिनिट," ते म्हणाले. "हा कोणता सत्कार आहे? तुमच्यातला का आमच्यातला?"

"तुमच्यातला," शिवॉन म्हणाली.

भाऊ पुढच्या आठवड्यात नागपूरला गेले.

डिसेंबरातल्या मॅचला आम्ही चौघंच होतो. मंदार, शिवॉन, वहिनी आणि मी. सईची परीक्षा संपेपर्यंत वहिनी थांबल्या होत्या. बाकावर शिवॉनच्या शेजारी जागा होती. मंदार सरकून तिथे बसणार होता, मग बसला नाही. दारं उघडी होती आणि वारा आत येत होता. शिट्टी वाजायच्या आधी शिवॉननं गुडघ्यांवरची शाल सारखी केली, उजवा हात वर केला, पंजा उघडा, आणि एकेक करून आमच्याकडे पाहिलं.

मंदार म्हणाला, "पंचवीसच्या आत." कुणी त्याला "कशावरून?" असं विचारलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "सई पडू नये."

मी म्हटलं, "वीसच्या आत." आणखी एक इच्छा होती, पण ती घरी ठेवायची होती. तरी मॅच संपेपर्यंत मी दाराकडे बघत होते.